पोह्यांत साखर घालणारे आणि इतर

नागपुरात सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात, वरून कच्चा कांदा आणि मूठभर चिवडा भुरभुरतात, हे पुण्यातल्या एखाद्या जुन्या घरात सांगून बघावं. ऐकणारा सभ्य असेल तर "अच्छा?" म्हणून विषय पावसाकडे नेतो. सभ्य नसेल तर "मग त्याला उसळ म्हणा की, पोह्यांचं नाव कशाला खराब करता?" असं तोंडावर सुनावतो. उलट पुण्याच्या पोह्यांत चमचाभर साखर असते हे कळल्यावर नागपूरकराच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटते, ती सहसा दवाखान्यात भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसते. दोघेही मराठी, दोघांची कढई सारखीच काळी, हळद बहुधा एकाच सांगलीच्या बाजारातून आलेली. तरी एकमेकांच्या बशीत डोकावल्यावर दोघांनाही वाटून जातं, की १९६० साली राज्य करताना जरा घाईच झाली.

वास्तविक भांडण्याइतकं पोह्यांत असतं काय? साळी भिजवायच्या, तापलेल्या वाळूत भाजायच्या, गरम असतानाच चेपायच्या आणि तूस पाखडून टाकायचं. पूर्वी हे काम उखळ-मुसळावर व्हायचं, आता गिरणीत होतं. म्हणजे पोहे पिशवीतून घरी येतात तेव्हाच जवळजवळ शिजलेले असतात. पुढे त्यांना फक्त पाणी दाखवायचं आणि फोडणीत परतायचं. इतकं आयतं मिळूनही इतक्या सहजपणे बिघडवता येणारा पदार्थ दुसरा नसेल. पाणी जरा जास्त झालं की लगदा, कमी झालं की घशाला ओरखडे. मुरलेली गृहिणी पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरते, हलक्या हाताने फिरवते आणि निथळत ठेवते. मीठ, साखर, हवी तर हळद तिथेच चोळून टाकते. "किती वेळ ठेवायचे?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "भिजेपर्यंत."

या उत्तराने परदेशी शिकायला गेलेल्या कित्येक मराठी मुलांच्या रविवार सकाळी वाया घालवल्या आहेत. त्यातून दुकानात जाड, मध्यम, पातळ, भाजके, दगडी आणि नायलॉन अशी सगळी घराणी ओळीने मांडलेली असतात. मुलगा पातळ पोहे उचलतो, आईने सांगितल्याप्रमाणे पाण्याखाली धरतो, आणि चाळणीत काय उरलं आहे याचा फोटो काढून घरी पाठवतो. घरून उलट विचारणा होते, "हे काय आहे?"

पाण्याचा प्रश्न सुटला की पंथ सुरू होतात. शेंगदाणेवाले, बटाटेवाले, थंडीपुरते मटारवाले, आणि अल्पसंख्य पण कडवे असे वांगीपोहेवाले. काही घरांत लिंबू वरून पिळतात, काही घरांत फोड बशीच्या कडेला ठेवून निर्णय पाहुण्यावर सोडतात. प्रस्तुत लेखकाचं मत शेंगदाण्याच्या बाजूने आहे, पण तो आधी तळून कुरकुरीत केलेला हवा. वाफेत मऊ पडलेला शेंगदाणा हा विश्वासघात आहे. कोकणाला हा सगळा खटाटोपच मान्य नाही. तिथे दडप्या पोह्यांसाठी पातळ पोहे घेतात, त्यांत ओलं खोबरं, कांदा, मिरची, कोथिंबीर, नारळाचं पाणी घालतात आणि सगळं दडपून ठेवतात. फोडणी तेवढी वरून ओतायची. सकाळच्या घाईत ज्याला कमीत कमी चूल पेटवायची आहे, त्याने कोकणात जन्म घ्यावा.

बटाटा या प्रकरणात शिरला त्यात धर्माचाही हात आहे. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, शक्य तिथे कांदा, अशी निरोपाची मेजवानी होते आणि जुन्या वळणाच्या घरांत चार महिने कांदा-लसूण बंद. कांदा सोडणं लोकांना जमलं. पोहे सोडणं काही कोणाला जमलं नाही. रिकाम्या जागेवर बटाट्याची हंगामी नेमणूक झाली. चातुर्मास संपून कांदा परत येतो तोवर घरातली मुलं बटाट्याला लळा लावून बसलेली असतात. मग दोघांनाही ठेवून घ्यावं लागतं.

एकादशीला तांदूळ चालत नाही, म्हणून पोहेही चालत नाहीत. त्या सकाळी कढईत साबुदाण्याची खिचडी पडते, आणि खरी मौज इथे आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मूळचा ब्राझीलकडचा. आज आपल्याकडे येणारा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलम भागातल्या कारखान्यांत तयार होतो. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिकेची. बटाटा अँडीज पर्वतातला. ही सगळी मंडळी १४९२ नंतर गोऱ्या खलाशांच्या गलबतांतून जगभर पांगली. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली. त्यांच्यापुढे ही खिचडी ठेवली असती तर तूप, जिरं आणि मीठ सोडून एकही जिन्नस त्यांनी ओळखला नसता. याउलट हळद आणि मोहरी, ज्यांचा या मातीशी हजारो वर्षांचा घरोबा, त्यांना बऱ्याच घरांत उपासाच्या कढईत मज्जाव. पाहुण्याला पाट आणि घरच्याला उंबऱ्याबाहेर, हा आपला न्याय असा उपासालाही सुटत नाही.

पोह्यांचं मात्र तसं नाही. त्यांचं जुनेपण थेट द्वारकेपर्यंत जातं. भागवतात सुदाम्याच्या बायकोने शेजारपाजारहून मागून आणलेले चार मुठी पोहे चिंधीत बांधून दिल्याची गोष्ट आहे. कृष्णाने एक मूठ खाल्ली, दुसरी तोंडाशी नेली तेव्हा रुक्मिणीने हात धरला. एका मुठीतच सुदाम्याला सगळं वैभव देऊन झालं होतं, असं कीर्तनकार सांगतात. घरोघरच्या बायकांना मात्र दुसरंच कारण सुचतं: सकाळीच पोह्यांनी पोट भरलं तर दुपारच्या पानाला कोण हात लावणार? एवढं खरं, की त्या पोह्यांत मिरची, बटाटा, शेंगदाणा यांतलं काही असणं शक्य नव्हतं. देवाला ते तसेच आवडले. बशी पुढे येताच "आज मीठ कमी आहे" म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

पोह्यांचा खरा थाट बघायचा तर नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात जावं. रात्रभर मिरवलेला नरकासुराचा पुतळा उजाडायच्या आत जाळायचा, तेल-उटणं लावून आंघोळ, अंगठ्याखाली कारीट फोडायचं, आणि मग फोव. तेही एका प्रकारचे नाहीत. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गुळाचे, बटाट्याचे तिखट, नुसते फोडणीचे. पाच तरी हवेतच, आणि शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचेही पाच खायचे. यामागे शेतीचा हिशोब आहे. दिवाळीच्या सुमाराला भाताची कापणी होते आणि नव्या भाताचे पोहे घरात येतात. वर्षाचं पहिलं पीक असं न्याहारीलाच पानात उतरतं. आजकाल फोव दुकानातून येतात आणि भात आंध्रातला असू शकतो, पण पाचाचा आकडा कोणी कमी केलेला नाही.

मराठी माणसाने घराबाहेर नेलेल्या गोष्टींपैकी जी सगळ्यात जोमाने रुजली तीही हीच. इंदूरला पोहे होळकरांच्या मागोमाग गेले, असं तिथले मराठी लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. इंदूरकरांनी मग त्यांत बडीशेप घातली, वर शेव आणि जिरावण टाकलं, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवून पोहे वाफेवर तासन्‌तास गरम ठेवायची युक्ती काढली, आणि शेजारी जिलेबी मांडली. साखरेचा वाद त्यांनी असा सोडवला: पोह्यांत नको, पोह्यांबरोबर हवी. हा तोडगा पुणे-नागपूर चर्चेत अजून कोणी का मांडला नाही, कळत नाही. या शहरात पोहे खाण्यावरून कोणाचा संशय यावा हे अशक्य वाटेल. पण जानेवारी २०२० मध्ये इंदूरच्याच एका बड्या राजकीय नेत्याने जाहीर भाषणात सांगितलं, की घराच्या बांधकामावरचे मजूर नुसते पोहेच खाताना दिसले, म्हणून ते बांगलादेशी असावेत अशी शंका आली. पुढचे काही दिवस देशभर थट्टेचा पाऊस पडला. सकाळी आठ वाजता इंदुरातल्या कुठल्याही चौकात हीच कसोटी लावली असती तर मतदारयादीत फारसं कोणी उरलं नसतं.

मिसळीबद्दल इथे फार लिहिण्याचं कारण नाही. २०१५ साली लंडनच्या एका खाद्यस्पर्धेत दादरच्या मिसळीला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवण्यात आलं, तेव्हापासून ती आपल्याशी जरा अंतर राखून वागते. शिवाय मिसळ ही रविवारची, पाव-दही-पापडासह, रांगेत उभं राहून खायची गोष्ट. मंगळवारी सकाळी पावणेआठला डबा भरता भरता जे होतं ते पोहेच.

या मंगळवारावरच एका मोठ्या कंपनीने डोळा ठेवला होता. १८९४ साली अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंचा शिजवून ठेवलेला गहू शिळा झाला; टाकवेना म्हणून त्यांनी तो तसाच रुळांतून काढला आणि पापुद्रे निघाले. म्हणजे धान्य शिजवायचं आणि चेपायचं. आपल्या गिरणीवाल्याला यात नवं काही दिसलं नसतं. बरोबर शंभर वर्षांनी, १९९४ साली, हे पापुद्रे मक्याचे होऊन भारतात आले. कारखाना काढला तो तळोज्याला, रायगड जिल्ह्यात, ज्या जिल्ह्यातलं पेण पोह्यांसाठी ओळखलं जातं. जाहिरातीत भर होता कुरकुरीतपणावर. मराठी घरात खोका फुटला, वाटीत पापुद्रे पडले, आणि आईने त्यावर दूध ओतलं. गरम. सकाळी सकाळी पोराला गार दूध देऊन त्याचा घसा कोण धरवणार? कुरकुर संपायला चमचा उचलण्याइतका वेळही लागला नाही. वर साखर गार दुधात विरघळत नाही, ही तक्रार वेगळीच. पहिली काही वर्षं धंदा अपेक्षेच्या बराच खाली राहिला आणि व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला एक चांगलं उदाहरण मिळालं.

अर्धवट उरलेले खोके मात्र कोणी फेकले नाहीत. दिवाळी आली, फोडणीत कढीपत्ता, डाळं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप पडले, आणि अमेरिकेतल्या आरोग्यधामाच्या पथ्याचा चिवडा झाला. ज्या घरांत साखर घालतात त्यांनी पिठीसाखर घातली. ज्या घरांत घालत नाहीत, त्यांनी तिखट वाढवलं.