जर्मनीस प्रयाण करणाऱ्यांसाठी काही सक्त सूचना

जर्मनीत शिकायला जाण्यासाठी बुद्धी लागते, असा एक समज आपल्याकडे आहे. वस्तुतः लागतात ते कागद. आपली पदवी खरी आहे असं सांगणारं एपीएसचं प्रमाणपत्र, आणि आपण तिथे उपाशी राहणार नाही याची हमी म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो. पैसे आपलेच, पण हाती पडणार महिन्याला ९९२. वडिलांकडे हात पसरून वाढलेल्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

बॅग विद्यार्थ्याने स्वतः भरू नये. तो अधिकार आई, मावशी आणि ‘आमच्या नणंदेचा मुलगा म्यूनिकला आहे हो’ असं म्हणत आत येणाऱ्या शेजारच्या काकू यांच्यासाठी राखीव आहे. आपण फक्त बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहावं, मग स्वतःचं वजन वजा करावं आणि आलेला आकडा कोणालाही सांगू नये.

मात्र कायदा ठाऊक असावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे आणि श्रीखंडाच्या वड्या बाद. (हे वाक्य आजीसमोर वाचू नये.) हापूस आणि ताजा कढीपत्ता न्यायचा तर त्यांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. या जाचातून फक्त पाच फळं सुटली आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. पण नारळ सुटला म्हणून कोणी खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत कोंबू नयेत. सुकं खोबरं तेलामुळे आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. थोडक्यात, जर्मनीची नारळाला हरकत नाही आणि विमानाची खोबऱ्याला आहे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि पापड यांबाबत दोघांचीही काही तक्रार ऐकिवात नाही. कुकर न्यावाच, शिट्टीचं पुढे पाहू.

पोहोचल्यावर पहिलं कर्तव्य म्हणजे आपण आहोत हे सिद्ध करणं. विमानतळावर पासपोर्टावर शिक्का बसला म्हणजे आपण जर्मनीत आलो, असं नवख्यांना वाटतं. तसं नसतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत जाऊन आन्मेल्डुंग करायचं, म्हणजे पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद हवा, आणि मित्राच्या खोलीतल्या सोफ्याला घरमालक नसतो. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो. तो नसेल तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून कर जास्त कापला जातो.

इथे टपालपेटीचं माहात्म्य सांगणं भाग आहे. जर्मन इमारतीत सहसा फ्लॅटला नंबर नसतो. ‘दुसरा मजला, गणपतीच्या देवळासमोर’ हा पत्ताही चालत नाही. पेटीवर आडनाव असेल तर पत्र पडतं, नसेल तर ते आल्या वाटेने परत जातं. पोस्टमन खालच्या वाण्याकडे चौकशी करत नाही. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं, त्याचा पिन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाकिटातून, विम्याचं कार्ड तिसऱ्यातून. तेव्हा घराची चावी मिळताच, चहा टाकण्याच्याही आधी, पेटीवर आडनाव चिकटवावं. सहस्रबुद्धे आणि धर्माधिकारी यांनी बारीक अक्षरात लिहावं. आडनाव लागलं की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र हमखास येईल: घरटी महिन्याला १८.३६ युरो. आमच्याकडे टीव्ही नाही असं कळवून उपयोग नाही. वर्गणी घराला असते, टीव्हीला नाही. एका घरात चौघे राहत असाल तर एकानेच भरायची असते, आणि तो कोण यावरून पहिलं भांडण होतं.

कोणत्याही कचेरीत आगाऊ वेळ घेतल्याशिवाय जाऊ नये. या वेळेला टेर्मीन म्हणतात. ‘सहज आलो होतो’ या सबबीला तिथे जागा नाही. पहाटे रांगेत चपला ठेवून येण्याचं आपलं कसबही वाया जातं.

शेजारधर्म. रात्री १० ते सकाळी ६ आवाज करायचा नाही. रविवारी तर दिवसभर नाही. अनेक इमारतींत दुपारी १ ते ३ सुद्धा शांतता असते (पुण्याच्या मुलांनी हा भाग सोडून पुढे वाचलं तरी चालेल). फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं. धूर ओळखणारं यंत्र बाहेर पॅसेजमध्ये छताला असतं आणि मोहरी व आग यांतला फरक त्याला कळत नाही. काचेच्या बाटल्या रविवारी कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत, कारण त्या वाजतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या टाकूच नयेत: एकीमागे २५ सेंट परत मिळतात. त्या चुरगाळूही नयेत. दुकानातलं यंत्र खुणेची पट्टी वाचतं, आपली गरिबी वाचत नाही.

रस्ता रिकामा असला, रात्रीचे अकरा वाजलेले असले, तरी लाल माणूस दिसताच थांबावं. पलीकडे एखादं लहान मूल आईचा हात धरून उभं असेल, तर ते तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती दंडापेक्षा महाग पडते.

अभ्यासाविषयी फार सांगण्यासारखं नाही. वेळापत्रकात तासापुढे ‘सी.टी.’ लिहिलेलं असेल तर वर्ग पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. ‘एस.टी.’ लिहिलेलं असेल तर अगदी ठोक्याला, आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

शेवटी पालकांस विनंती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. तुम्ही सकाळी नऊला ‘उठलास का रे?’ म्हणून फोन कराल, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. त्यापेक्षा रविवारी संध्याकाळी करावा. दुकानं बंद असतात, मुलं घरीच सापडतात.