मूळ रूपात

कारध्याला वैनगंगेच्या पुलाजवळ चहा घेताना एका स्नेह्यांची 1968 ची फियाट भेटली. कुर्ल्यात बनलेली, अगदी मूळ रूपात. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, चाकांवर चकचकीत वाट्या. वाट्यांमागे डिस्क ब्रेक, डॅशबोर्डखाली एसी, रेडिओच्या पोटात ब्लूटूथ. नव्या वायरींवर जुनं सुती कापड गुंडाळण्यात मेकॅनिकचे तीन आठवडे गेले म्हणे. निष्ठा म्हणतात ती हीच!

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेची पाटी मिळते, पण इंजिन, चेसिसमध्ये मोठा बदल चालत नाही. म्हणून स्नेह्यांनी बदल केला, दाखवला मात्र नाही. कायद्याचा इतका मान कोण ठेवतो?

माझी नम्र सूचना एवढीच, की जुनेपण अर्धवट नको. पेट्रोलच्या वासाची अत्तरदाणी हवी, थंडीत गाडी चालू न होण्याचं बटण हवं, धक्क्याला चार पगारी पोरं हवीत.

निघताना गाडी खरंच बंद पडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. गावच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं.

"भाऊ, कार्बोरेटर तर रिकामाच हाय ना जी!"

शेवटी टोचन लावून ट्रॅक्टरने भंडाऱ्याला नेली. ट्रॅक्टर जुनाच होता. त्यात कोणी काही बदललं नव्हतं.