उभ्याउभ्या

आमच्या घरी टीव्हीसमोर एक सोफा आहे, दोन खुर्च्या आहेत आणि काकूंच्या गुडघ्यांसाठी आणलेलं एक स्टूल आहे. नाना यांतल्या कशावरही बसत नाहीत. ते स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा लावतात, हातात पाण्याचं फुलपात्र धरतात आणि म्हणतात, "मी काही बघत नाहीये हां. तुमचं चालू द्या." त्यानंतर पावणेदोन तास ते तिथेच असतात. फुलपात्रातलं पाणी तसंच असतं.

नाना माझे थोरले काका. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त. पण हे काही एकट्या नानांचं वर्णन नव्हे. असा एक उभा प्रेक्षक घरोघरी असतो. बसलं की सिनेमा बघितल्यासारखं होतं, आणि आपल्यासारख्या माणसाने भुताचा सिनेमा बघितला असं कोणी म्हटलं तर? उभं असलं की आपण फक्त वाटेने चाललेलो असतो. वाटेने चालणाऱ्याला मात्र मत द्यायची पूर्ण मुभा असते. नानांचा मुलगा कॅनडात आहे. त्याच्या रविवारच्या व्हिडिओ कॉललाही नाना काकूंच्या मागे उभेच राहतात, त्यामुळे गेली सहा वर्षं नातवाला आजोबा म्हणजे बनियनचा मधला भाग एवढंच ठाऊक आहे.

कौटुंबिक सिनेमा लागला तर नाना थांबत नाहीत. भूत किंवा अंतराळ दिसलं की थबकतात. सुरुवात चुकलेली असतेच, कारण सुरुवातीपासून बघणं हे बसणाऱ्यांचं काम.

"हा मघाशी मेला ना?"

"हो नाना."

"मग परत कसा आला?"

"भूत आहे तो."

"मग असं सांगा की आधी."

आणि नेमकी ती बाई तळघराच्या शेवटच्या पायरीवर पोचते, संगीत थांबतं, आमचे श्वास थांबतात, तेवढ्यात खट्! ट्यूबलाइट लागते. "अंधारात बघू नये. डोळे जातात."

नानांना भयपट खोटे वाटतात, आणि आम्ही बरीच वर्षं समजत होतो की त्यांचा भुतांवर विश्वास नाही म्हणून. उलट आहे. त्यांचा भुतांवर पक्का विश्वास आहे, म्हणूनच त्यांना सिनेमे खोटे वाटतात. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं शिरोड्याकडे गेली. शेजारी आरवली, तिथे वेतोबा. त्याला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं सांगतात. नानांसाठी हा विषय तिथेच संपतो. 'द नन' लागला होता तेव्हा ती जोगीण हवेतून तरंगत आली, तसे नाना उसळले. रागावले की ते मालवणीत शिरतात. "भूत असा करणा नाय! चाललां तर पायतान झिजाक व्हया."

त्यांच्या मते भुतांना हद्द असते, वेळ असते, जात्याच नेमून दिलेली कामं असतात. चकवा वाट चुकवतो, एवढंच. तो कोणाची मान फिरवत बसत नाही. गिऱ्हा पाण्याजवळ, मुंजा पिंपळावर. देवचार तर काठी आपटत तुम्हाला घरापर्यंत सोडायला येतो, विडी ठेवली की खूश. प्रत्येकाचा बटवड्याचा भाग ठरलेला. इंग्रजी भूत मात्र एकाच घरात दारं आपटतं, भिंतीतून रक्त काढतं, बाहुलीत शिरतं, कुत्रं मारतं. "एवढी कामं एकाच्या अंगावर? स्टाफ कमी आहे काय त्यांच्याकडे?" म्हणूनच २०२४ मध्ये 'मुंज्या' आला तेव्हा नानांनी तो चौकटीतून बऱ्याच समाधानाने पाहिला. पिंपळ बरोबर आहे म्हणाले, आणि मुंजाला लग्नाची हाव असणं हेही बरोबर आहे म्हणाले.

रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' त्यांनी १९८४ साली थिएटरात पाहिला होता, तोही बसून, कारण तिकीट काढलं होतं. त्यातलं सामरी नावाचं भूत झालेला अनिरुद्ध अगरवाल हा शिकलेला सिव्हिल इंजिनियर, हे मी त्यांना सांगितलं. नाना थोडा वेळ विचारात पडले. "तरीच. रामसेंच्या सगळ्या हवेल्या पडायला झालेल्या. इंजिनियर भूत होऊन फिरतोय, बांधकामाकडे बघणार कोण?"

'तुंबाड'ची गोष्ट वेगळी. २०१८ चा हा सिनेमा दोन हजार चोवीसमध्ये पुन्हा थिएटरांत लागला आणि पुन्हा गाजला, तेव्हा आम्ही तो घरी लावला. नाव ऐकून नाना स्वतःहून आले. फुलपात्राशिवाय. श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' त्यांनी दोन्ही खंड वाचलेलं, आणि सिनेमाने नाव तिथूनच घेतलेलं, त्यामुळे त्यांची समजूत अगदीच निराधार नव्हती. वाड्यातली साखळदंडातली म्हातारी किंचाळत होती आणि नाना विचारत होते, "खोत कधी येणार?" अर्ध्या तासाने मी सांगितलं की खोत येणार नाहीत, या सिनेमाचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं आहे. "धारप?" नानांचा चेहरा बदलला. शिरोड्याच्या पोस्टात रात्री हिशेब जुळत नसला की टेबलाच्या खणात धारप असायचा, ही माहिती आम्हाला त्या दिवशी मिळाली. पुढे ते गप्प राहिले. फक्त एकदा म्हणाले, "पाऊस बरोबर आहे." हस्तर या राक्षसाला भुलवायला नायक कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरला तेव्हा काकू म्हणाल्या, "तेलाचा हात लावला नसणार. एवढ्यात तडे जातील." इतकं काळजीपूर्वक परीक्षण तुंबाडला कोणत्याही वर्तमानपत्रात मिळालं नसेल.

'द एक्झॉर्सिस्ट'वर तर नाना खूश आहेत, आणि कारण भीती नव्हे. "आधी डॉक्टर, मग सगळ्या तपासण्या, मग भटजी. पद्धत बरोबर आहे." त्यातल्या झपाटलेल्या मुलीच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते. त्यासाठी १९७३ मध्ये आख्खा सेट खरोखरच गोठवला होता, हे मी कौतुकाने सांगितलं. "मग पोरगी बरळणार नाहीतर काय? तिला स्वेटर घाला आधी."

विज्ञानपटांकडे नाना जरा आदराने बघतात, कारण त्यांच्या लेखी तो नारळीकरांचा प्रांत. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं, ही गोष्ट ते वर्षातून चारदा सांगतात. "पाठवली म्हणजे पोस्टानेच ना? एवढा मोठा माणूस, पण रांगेत उभं राहून पाठवली." रांगेचा उल्लेख कुठेही नाही, तो नानांनी घातलेला. पण आदर नारळीकरांपुरताच. '२००१: अ स्पेस ओडिसी' लावला होता, त्यात पहिली पंचवीस मिनिटं एक शब्द कोणी बोलत नाही. नानांनी तीनदा रिमोट मागितला आणि चौथ्यांदा केबलवाल्याला फोन लावला. 'कोई... मिल गया'मधल्या जादूला उन्हातून शक्ती मिळते म्हटल्यावर त्यांनी खिडकीतून सोसायटीच्या गच्चीकडे पाहिलं. "म्हणजे जुलैत बंद. आपल्या सोलरसारखा."

गेल्या महिन्यात 'इंटरस्टेलर' लावला. मी तो चौथ्यांदा बघत होतो, नाना पहिल्यांदा आणि मधूनच. यान त्या पाण्याच्या ग्रहावर उतरायच्या बेतात होतं. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे मी समजावून सांगितलं. आइन्स्टाइन, गुरुत्वाकर्षण, कृष्णविवर, सगळं. नानांना पहिल्या वाक्यातच समजलं होतं.

"किसान विकास पत्र हल्ली ११५ महिन्यांत दुप्पट होतं. म्हणजे तिथे एक तास बावीस मिनिटांत."

मी हिशेब तपासला. बरोबर होता.

"अठ्ठ्याऐंशी साली पत्र निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत व्हायचं. तेव्हा गेले असते तर पाऊण तासात! उशीर केला यांनी."

मग लाट आली, गोंधळ झाला, आणि नायक कूपर यानात परतला तेव्हा तेवीस वर्षं चार महिने लोटले होते. वर मागे राहिलेल्या गड्याची दाढी पांढरी झालेली. नाना त्याच्या बाजूने काही बोलणार होते, बहुधा वेतनवाढीबद्दल, पण तेवढ्यात कूपर पडद्यासमोर बसला. मुलांचे निरोप साठले होते, तेवीस वर्षांचे, आणि ते एकामागून एक सुरू झाले. मुलाची शाळा संपली, मुलाने मुलगी निवडली, मुलाला मूल, आजोबा गेले. कूपर रडत होता.

"सगळं टपाल एकदम आलं," नाना म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "हा उत्तर पाठवत नाही?"

"जात नाही नाना. इकडचं तिकडे पोचत नाही. फक्त येतं."

"एकतर्फी बटवडा." त्यांनी मान हलवली. आमच्या पोस्टात असं तीन दिवस झालं असतं तर चौकशी लागली असती, असं काहीतरी ते पुटपुटले. मग बाजूने कुरकुर ऐकू आली. मी वळून पाहिलं. काकूंच्या स्टुलावर नाना बसले होते.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. ट्यूबलाइट बंद होती आणि ती कोणी लावली नाही.

शेवटपर्यंत ते बसून होते. कूपर सापडतो, इस्पितळात जागा होतो आणि त्याला सांगतात की तुमचं वय आता एकशे चोवीस आहे. तिथे नाना एकदम ताठ झाले.

"नासा म्हणजे त्यांचं केंद्र सरकारच ना?"

"हो."

"मग याची पेन्शन?"

निवृत्तांच्या या कोष्टकात नाना तरबेज आहेत, कारण त्यांना स्वतःला दोन वर्षांत त्याचा लाभ व्हायचा आहे. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ. मग दर पाच वर्षांनी चढत जाते आणि शंभरीला मूळ पेन्शनएवढीच भर पडते. नानांनी टीपॉयवरचं वीजबिलाचं पाकीट उलटं केलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लिहायला घेतलं. शंभरीनंतरची चोवीस वर्षं, गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी महिने, दुपटीने. पडद्यावर नावं वर सरकत होती.

"पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही ना त्याने," नाना म्हणाले. "एवढी वर्षं. म्हणजे थांबवलेली असणार." पेन क्षणभर थांबलं. "हरकत नाही. आता समक्ष आलाय. थकबाकीसकट मिळेल." मग पाकिटाच्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं: महागाई भत्ता धरलेला नाही.