स्वातंत्र्य पुढे, कुकर मागे

पन्नाशी गाठताच नवऱ्याने मोटरसायकल घेतली. "जरा मोकळं वारं लागू दे अंगाला," म्हणाला. या मोकळ्या वाऱ्यासोबत पोहे, इनो, उशी आणि कमरेचा पट्टा लागतो; ते सगळं मी चालवत असलेल्या भाड्याच्या कॅम्परमध्ये. मिनेसोटाहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्सकडे निघालेली आमची वरात अशी होती: स्वातंत्र्य पुढे, कुकर मागे.

वाटेत मैलोन् मैल पाट्या. वॉल नावाच्या गावातल्या एका औषधवाल्याने १९३६ साली बायकोच्या सांगण्यावरून रस्त्यावर 'बर्फाचं पाणी फुकट' अशा पाट्या लावल्या आणि दुकान तरलं. आता ते केवढं तरी पसरलंय. आमच्या आळीतल्या पाणपोईला कुणी असा सल्ला दिला असता तर!

बॅडलँड्सच्या या मुलखाला लाकोटा लोक 'माको शिचा', म्हणजे वाईट जमीन, म्हणत. फ्रेंच शिकारी व्यापाऱ्यांनीही ओलांडायला अवघड म्हणून नावं ठेवली. दोन्हीकडून अशी माहिती आल्यावर आपल्याकडे सोयरीकच मोडली असती. मला मात्र जागा बघताक्षणी आवडली. वड्या कापता कापता कुणीतरी उठून गेल्यासारखे थरावर थर: करडे, पिवळट, गुलाबी. तांबूस पट्टे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची माती, त्या त्या काळची जमीन. आणि हे सगळं वर्षाला साधारण इंचभर झिजतंय. आणखी पाचेक लाख वर्षांत काही उरणार नाही म्हणे. हे वाचून नवऱ्याने मला फोटोसाठी घाई केली.

इथल्या कायद्याप्रमाणे मोठ्या माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. तेवढं स्वातंत्र्य त्याने लगेच उपभोगलं. संध्याकाळी टक्कल आणि खडकातला गुलाबी थर एकमेकांत मिसळून गेले. मी दही लावलं. त्यानंतर कॅम्परची मैलापाण्याची टाकी रिकामी करायची होती. ते काम मी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून तो नळीशी झटत होता, तेव्हा मोकळं वारं बरोबर त्याच्याच दिशेने वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सेज क्रीकच्या खडीच्या रस्त्याला लागलो. प्रेअरी डॉग नावाच्या, खारीच्या जातीच्या गुबगुबीत प्राण्यांची वस्ती लागली. बिळाबिळाशी उभं राहून एकेक जण ओरडत होता. चाळीतले सगळे गॅलरीत आल्यासारखे वाटले. फोटो काढायला नवऱ्याने गाडी कडेला लावली. इतक्यात टेकाडामागून एक बायसन निघाला. शंभर यार्ड लांब राहा, अशी पार्कची सूचना आहे. नवऱ्याने ती पाळली. बायसनने वाचली नसावी.

नवरा पळत येऊन कॅम्परमध्ये शिरला. बायसन मोटरसायकलपाशी थांबला, हुंगलं, मग सीटवर सावकाश पाठ घासू लागला. आठ-नऊशे किलोचं धूड. गाडी आधी डुलली, मग आडवी झाली.

"आता?" मी विचारलं.

"त्याचं होऊ दे," नवरा पडद्याआडून म्हणाला. "आलं आहे ना? चहा टाक."