जोधपूरचा भाव

हिंगोलीहून राजस्थानला निघालेल्या कुठल्याही सहलीत एक हळदवाले काका असतातच. तूर मोंढ्यात घालून झालेली असते, हळदीच्या काढणीला अवकाश असतो आणि जानेवारीतल्या त्या मधल्या सवडीत काकूंचं 'कुठंतरी न्या की' एकदाचं फळाला येतं. आजवर 'कुठंतरी' म्हणजे औंढ्याचा नागनाथ, फार झालं तर नर्सीचे नामदेव महाराज, अशी काकांनी सोयीस्कर समजूत करून घेतलेली असते. या वेळी पुण्यातला मुलगा परस्पर तिकिटं काढतो. ती रद्द केली तर पैसे कापले जातात, हे कळल्यावर काका बॅग भरतात.

वय साठीच्या आगेमागे. पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल, नखांच्या कडांना बारमाही पिवळा रंग. खिशात आडत्याच्या जुन्या पट्ट्या. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर जगाचा हिशेब चालतो. लोक राजस्थान बघायला जातात, काका राजस्थानचा भाव काढायला. त्यात त्यांचा दोष नाही. थोड्याच वर्षांच्या अंतराने ज्याने हळद क्विंटलला सहा हजारांनीही विकली आणि पंधरा हजारांनीही, त्याचा कोणत्याच किमतीवर चटकन विश्वास बसत नाही.

हैदराबाद-जयपूर गाडी हिंगोलीवरून जाते, त्यामुळे काकांच्या मते राजस्थान आपल्या फलाटावरूनच सुरू होतं. मीटरगेज होतं तेव्हा इथूनच मीनाक्षी एक्स्प्रेस जायची. पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला, पण काकांच्या बोलण्यात मीनाक्षी अजून धावते आणि अजून लेटच असते. डब्यातल्या लोकांना ते 'तुमच्याकडं काय पिकतं' एवढाच प्रश्न विचारतात. कोणी 'मी सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हणालं की काका कीव येऊन त्याला धपाट्याचा तुकडा देतात.

जोधपूरला घंटाघराभोवतीचा सरदार बाजार हे त्यांचं खरं तीर्थ. गाइड मनोऱ्याची माहिती सांगत असतो आणि काका मसाल्याच्या दुकानात पोहोचलेले असतात. ढिगात कोपरापर्यंत हात, एक हळकुंड दाताखाली, कडकन तुकडा, आतला रंग उन्हाला धरून. "ये कहां की?" दुकानदार म्हणतो, "महाराष्ट्र." झालं! पोरगी सासरी सुखात आहे का हे बघायला आलेल्या बापासारखे काका ढिगाजवळ उभे राहतात. "वसमतची आहे ही!" पुरावा काही नाही. हळद सांगलीचीही असेल, पण ते बोलायची हिंमत कोणी करत नाही. मग दुकानदाराला ऐकावं लागतं की आमच्या हिंगोलीकडच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे, आणि हिंगोलीच्या मोंढ्यात मार्च-एप्रिलला एकदा येऊन बघ, गाड्यांची रांग कुठपर्यंत लागते ते. शेवटी काकांची नजर पर्यटकांसाठी बांधलेल्या जाळीच्या इवल्या पिशवीवर जाते. वजन आणि किंमत पट्टीच्या पाठीवर उतरतात, क्विंटलचा आकडा निघतो आणि काका तिथल्याच पायरीवर बसतात.

बांधणीच्या दुकानात आणखी मजा. काकूंनी साडी पसंत केली की काका गळ्यातला रुमाल काढून दुकानदाराच्या हातावर टाकतात आणि खालून त्याची बोटं दाबायला लागतात. बैलबाजारात सौदा असाच होतो, भाव शेजाऱ्याला कळू नये म्हणून. जोधपूरचा तो भला माणूस गडबडून हात ओढून घेतो. "अहो, सोडा त्याला," काकू म्हणतात, "बैल नाही, साडी घ्यायलोत आपण."

जैसलमेर. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यावर काकांचा शेरा एकच: "रंग आपलाच." मग तिथून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या. सगळे सूर्यास्ताचे फोटो काढतात. काका मात्र हादरून उभे असतात. गावाकडच्या कयाधू नदीतली एक ट्रॉली वाळू म्हणजे काय प्रकरण असतं हे ज्याला ठाऊक आहे, रात्रीची वाहतूक, तहसीलचं पथक, दंड, जप्त ट्रॅक्टर हे सगळं ज्याने पाहिलंय, त्याला हे दृश्य सोसवत नाही. "इतकी वाळू," ते पुटपुटतात, "अन् तलाठी एक नाही!" उंटवाला सांगतो, ही वाळू बांधकामाला निकामी, वाऱ्याने घासून कण गोल गुळगुळीत झालेत, सिमेंट धरत नाही. काकांना हायसं वाटतं. फुकटची गोष्ट चांगलीही असावी, हे त्यांच्या अनुभवात बसणारं नव्हतं.

उंटावर बसण्याआधी ते त्याचा खालचा ओठ ओढून दात बघतात. चौसा की जुळलेला, हा निकाल उंटाला न आवडल्यामुळे राखून ठेवावा लागतो. उंटवाल्याशी मात्र जमतं. पंजाबातल्या हरिकेहून निघून सहाशे किलोमीटरांवर चालत आलेल्या इंदिरा गांधी कालव्याचा विषय निघतो आणि काका पहिल्यांदा खरं कुतूहल दाखवतात. "पानी टेल को आता क्या?" उंटवाला आकाशाकडे बघून म्हणतो, "कभी कभी." काका त्याच्या पाठीवर थाप मारतात. गावाकडच्या ईसापूरच्या कालव्याचं सगळं दुःख त्या थापेत असतं.

जेवणात काका अजिंक्य. दाल-बाटी आली की "हे तर रोडगे!" आणि वर "वांग्याची भाजी कामून नाही केली?" केर-सांगरीपाशी काकू थबकतात. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी, हे कळल्यावर दसऱ्याला जिची पूजा केली तिची भाजी खायची कशी, असा पेच पडतो. काका 'प्रसाद समज' म्हणून सोडवतात.

पण परतीच्या रात्री जोधपूरला वाढपी एक वाटी आणून ठेवतो. तुपाचा तवंग, दही, मटार आणि मधे पिवळाधमक गोळा. "हल्दी की सब्जी." हळद घातलेली भाजी नव्हे. हळदीची भाजी! ओली हळद किसून तुपात परतलेली, मारवाडातला थंडीतला मानाचा पदार्थ. काका गप्प. हळद तोललेली, उकडलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली, नवरदेवाला लावलेली. खाल्लेली मात्र चिमटीनेच. "आगं माय," काकू म्हणतात, "अन् मी चिमूट जास्त पडली की तुमची बोलणी खायले इतकी वर्षं!"

काका वाटी चाटूनपुसून संपवतात, बिल मागवतात आणि पट्टी उलटी करतात. वाटीत हळद अंदाजे दीडशे ग्रॅम, किंमत साडेतीनशे. म्हणजे क्विंटल सव्वादोन लाखांच्या वर.

मार्चमध्ये मोंढ्यात लिलाव सुरू होतात. बोली बारा हजारांवर अडते आणि काका उठून जोधपूरचा भाव जाहीर करतात. शेतकरी कान टवकारतात, हमाल पोतं खाली ठेवतात. आडत्याचं मूळ गाव मारवाडातच, पणजोबांनी सोडलेलं. काकांनी आठवणीने आणलेल्या मथानियाच्या मिरच्या त्याच्या गल्ल्याशेजारीच असतात. तो शांतपणे चष्मा पुसतो.

"काका, पाच किलो ओली हळद वाळली की किलोभर राहते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. ती ओली होती, म्हणजे वाळलीचा भाव तुमच्या हिशेबाने अकरा-बारा लाख व्हायला पाहिजे."

काका खूश.

"आता त्यातून तूप वजा करा."