ठाण्याची तक्रार ठाण्यातच

महागाव तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचा माणूस ठाण्यात मार खाऊन आला, तर त्यानं जायचं कुठं? गावातला जाणता माणूस सांगतो, एस.पी. साहेबांना अर्ज दे. तो मजुरी बुडवून एसटीनं आर्णीवरून यवतमाळला जातो, आवक-जावकच्या टेबलावर अर्ज देतो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतो आणि परततो. मागोमाग अर्जही परततो. एस.पी. कार्यालयातून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथून ठाण्याकडे, 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन. मग निरोप येतो, जबाबाला या. जिथं मारलं तिथंच. जबाब लिहून घेणारा जमादार मारणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. 'माझी काही तक्रार नाही' या ओळीखाली अंगठा उमटला की अर्ज निकाली.

रोख एकट्या महागावच्या ठाण्यावर नाही. राज्यात कुठल्याही तालुक्यात विचारा, अर्ज असाच फिरतो.

यावर उपाय सुप्रीम कोर्टानं २००६ सालीच सांगितला आहे. प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले गृहस्थ. त्यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबरला निकाल आला: पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक स्वतंत्र प्राधिकरण हवं. जिल्ह्यातल्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, आणि त्याची शिफारस खात्यावर बंधनकारक. महाराष्ट्रानं २०१४ साली कायदा दुरुस्त केला तेव्हा कोर्टाच्या 'जिल्हा' या शब्दाच्या जागी 'विभाग' आला. एका शब्दानं यवतमाळचं प्राधिकरण अमरावतीला गेलं. अकोला, वाशीम, बुलढाणा धरून पाच जिल्ह्यांना एक. महागावच्या माणसानं आता यवतमाळही मागं टाकायचं, नेरवरून पुढं जायचं, आणि तारीख पडली की पुन्हा तोच प्रवास. रोजंदारीवाला किती तारखा करील? मला ही कायद्यातली किरकोळ दुरुस्ती वाटत नाही. गरिबाची तक्रार इथंच मेली.

मग उरतं कोर्ट. पैनगंगेपलीकडे हिंगोली, हिंगोलीला लागून परभणी. तिथं सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढ्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तिथंही हरलं. त्या आईच्या मागं वकील उभे राहिले, आंदोलन उभं राहिलं. ज्याला फक्त दोन थपडा बसल्या, ज्याची मोटारसायकल कागदाविना आठवडाभर ठाण्यात अडकवून ठेवली, त्याच्यामागं कोण उभं राहणार?

आणि नुसता न्यायाधीश खुर्चीवर बसवून भागत नाही. साक्षीदाराच्या घरी जाणारे, स्टेशन डायरी ताब्यात घेणारे, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी उचलणारे प्राधिकरणाचे स्वतःचे तपासनीस हवेत. इंग्लंडमध्ये पोलिसांवरच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेकडे असे तपासनीस आहेत. ते नसतील तर न्यायाधीशही शेवटी पोलिसांकडूनच अहवाल मागवणार, आणि अर्ज पुन्हा महागावला येणार. ठाण्यांत कॅमेरे लावून चित्रण दीड वर्ष जपा, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली बजावलंच आहे. ते मागायला आणि तपासायला माणूस कुठं आहे?

यात पोलिसांचंही हित आहे. ज्या हवालदारावर खोटी तक्रार झाली, त्याला खात्यानं निर्दोष ठरवलं तरी गाव म्हणतं, आपल्याच माणसाला सोडलं. बाहेरच्यानं निर्दोष म्हटलं तर त्याच्या बायकामुलांना बाजारात मान वर करून चालता येईल.

सरकारनं कायद्यातला 'विभाग' खोडून 'जिल्हा' लिहावा. कार्यालय यवतमाळला, बसस्टँडपासून पायी जाता येईल असं. त्याचा पत्ता आणि फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या दारावर, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. महागावच्या माणसाला सकाळच्या गाडीनं जाऊन, अर्ज देऊन, दिवेलागणीला घरी परतता आलं पाहिजे.