टिकलीआडचे नाना

उज्जैनच्या फ्रीगंजात मराठी घर शोधायला फार हिंडावं लागत नाही. शिंदेशाहीच्या मागोमाग आलेली घराणी अजून टिकून आहेत. सकाळी पोहे-जलेबी खातात, भाजीवाल्याशी माळवीत घासाघीस करतात आणि गणपतीत आरत्या मात्र मराठीत म्हणतात. अशा दर तीन-चार घरांत एक नाना असतात. पूर्वी हे नाना होमिओपॅथी करायचे, मध्यंतरी शेअर बाजार करायचे. हल्ली त्यांनी ब्राउझर हातात घेतला आहे. नोकरीत एक्स्टेन्शन मिळालं नाही, त्याची भरपाई त्यांनी ब्राउझरला चौदा एक्स्टेन्शनं लावून केली.

नानांची खूण म्हणजे लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेली नानींची मरून टिकली. २०१६ साली झुकेरबर्गचा एक फोटो जगभर फिरला. त्यात मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपचा कॅमेरा पट्टीनं झाकलेला दिसत होता. तो फोटो नानांनी पाहिला आणि त्याच दुपारी नानींच्या पाकिटातली एक टिकली कमी झाली. रविवारी नातवाचा व्हिडिओ कॉल आला की नाना ती नखानं अलगद सोडवतात आणि हरवू नये म्हणून चष्म्याच्या काडीला लावून ठेवतात. मग तसेच दूध आणायला जातात. दूधवाला काही विचारत नाही. फ्रीगंजात नानांना कुणीच काही विचारत नाही, कारण ते उत्तर देतात.

उत्तराची सुरुवात बहुधा सुप्रीम कोर्टापासून होते. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमतानं निकाल: गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश. यातल्या ‘निवृत्त’वर नाना असा काही जोर देतात, की पुढची याचिका त्यांच्याच कपाटात तयार असावी.

कुकी या प्रकरणावर त्यांचा विशेष दात आहे. खरं तर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणानं कुकी काढली ती सोयीसाठी. एका पानावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस तोच आहे, हे साईटच्या लक्षात राहावं, इतकाच हेतू. त्रास आहे तो तिऱ्हाइतांच्या कुकींचा. तुम्ही बातमी वाचायला जाता, आणि पानावर जाहिरात लावणारा भलताच कुणी तुमच्या ब्राउझरमध्ये आपली नोंद ठेवून जातो; मग जिथं जिथं त्याची जाहिरात, तिथं तिथं तुम्ही त्याच्या ओळखीचे. सफारीनं २०२० मध्ये असल्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून एका साईटची नोंद दुसरीला दिसणार नाही अशी सोय सगळ्यांना करून दिली. गूगल मात्र २०२० पासून काढतो काढतो म्हणत राहिलं आणि २०२४ मध्ये त्यानं तो बेत गुंडाळला.

घरची कुकी आणि तिऱ्हाइताची कुकी हा भेद नानांना मान्य नाही. त्यांनी सगळ्याच बंद केल्या, शिवाय जावास्क्रिप्टही. त्यामुळे निम्म्या साईट त्यांना कोऱ्या दिसतात, आणि कोरं पान दिसलं की ते समाधानानं म्हणतात, “बघ, काही घेऊ दिलं नाही.”

महाकालाची भस्मारती पहाटे चारची. नोंदणी आधी करायची, ओळखपत्रासकट. आम्ही पुण्याहून येणार म्हणून नानांनी ते काम अंगावर घेतलं. नावं भरली की पुढचं पान उघडायचं आणि साईट पहिल्यापासून विचारायची, आपण कोण? नानांनी चार वेळा सगळ्यांची नावं भरली, पाचव्या वेळी साईटलाच शिव्या घातल्या. शेवटी नानींनी स्वयंपाकघरातून आपल्या फोनवर नोंदणी केली. त्या वेळी त्या कुकरच्या शिट्ट्याही मोजत होत्या.

इन्कॉग्निटो खिडकीवर नानांची एके काळी श्रद्धा होती. ती काळी खिडकी उघडली की ते आवाजही खाली आणत. तिचा उपयोग इतकाच, की खिडकी मिटल्यावर आपला कॉम्प्युटर सगळं विसरतो. साईट विसरत नाही, इंटरनेट पुरवणारा विसरत नाही. याच कारणावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. हे कळल्यावर नाना दोन दिवस जेवले नाहीत असं ते सांगतात. नानी सांगतात, जेवले.

मग फुकटातलं व्हीपीएन आलं. आपली सगळी ये-जा ज्याच्या हवाली करायची तो कोण आणि फुकट का राबतो, हा प्रश्न त्यांनी मनाआड केला. ज्या उज्जैनवरून जुने ज्योतिषी आपली मध्यरेषा मोजत, जिथं सवाई जयसिंगानं वेधशाळा बांधली, त्या गावात बसून नाना जगाला कळवतात की आपण अ‍ॅमस्टरडॅमला आहोत. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना त्यांच्या पडद्यावर पावसाचा इशारा येतो. एकदा त्यांनी खरोखर गच्चीवरचे पापड आत घेतले.

पासवर्डाच्या बाबतीत मात्र मी नानांना मानतो. आजोबा शिंद्यांच्या दफ्तरात होते, त्यामुळे मोडी घरात मुरलेली. नानांनी सगळे पासवर्ड एका लाल वहीत मोडीत लिहून ठेवले आहेत. चोर आला तरी त्याला देवाचं स्तोत्र वाटेल. अडचण एकच. मोडीत कॅपिटल अक्षर नसतं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, आणि शब्द एकमेकांना लागून वाहत जातात. पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड काढायचा असला की नाना भिंग घेऊन बसतात, “हा सी असावा का के?” तिसऱ्या चुकीला खातं बंद होतं. मग बँकेत जायचं, तिथल्या पोरीला मोडीचा इतिहास सांगायचा आणि नवा पासवर्ड घेऊन घरी येऊन तो पुन्हा मोडीत लिहायचा.

पण नानांचा खरा मानबिंदू दिवाणखान्यात आहे, लॅमिनेट केलेला. त्याला पार्श्वभूमी अशी. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनं २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. नाव नाही, कुकी नाही. नुसती ब्राउझरची आवृत्ती, फॉन्ट, पडद्याचं माप, टाइमझोन असली वरवरची माहिती. तेवढ्यावरून ८३.६ टक्के ब्राउझर गर्दीतून एकेकटे वेगळे काढता आले. त्याच संस्थेची आता ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ नावाची चाचणी आहे. नानांनी ती दिली. चौदा एक्स्टेन्शनं, भाषांमध्ये पहिली मराठी, कृतिदेव आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट, डोळ्यांसाठी वाढवलेली अक्षरं, जावास्क्रिप्ट त्या चाचणीपुरतं चालू. निकाल आला: असा ब्राउझर दुसरा नाही. नानांनी प्रिंट काढली.

“नाना, हे चांगलं नाही,” मी म्हटलं.

“का? एकमेव आहे म्हणतात.”

“म्हणजे तुम्ही कुठंही गेलात तरी लगेच ओळखू येता.”

“येणारच! टॉवर चौकात कुणालाही विचार.”

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. टॉर ब्राउझरचं तत्त्व नेमकं उलटं आहे: सगळ्यांनी सारखं दिसावं. खिडकी ताणून मोठी केली तरी तो कडेला रिकाम्या पट्ट्या सोडतो, पडद्याचं नेमकं माप कळू नये म्हणून. नानांनी तोही लावून पाहिला होता. पट्ट्या दिसतात म्हणून काढून टाकला. चारचौघांसारखं दिसणं हा त्यांचा स्वभाव नाही.

नानींना यातलं काही येत नाही. फोन ‘अपडेट करू का’ म्हणाला की त्या ‘कर’ म्हणतात, साईट ‘नोटिफिकेशन पाठवू का’ म्हणाली की ‘नको’ म्हणतात, आणि पैसे द्यायच्या आधी साईटचा पत्ता मोठ्यानं वाचतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं यात्रेकरूंना बनावट बुकिंग साईटपासून जपायला सांगितलं. त्याच सुमारास नाना पाहुण्यांसाठी खोली शोधत होते. साईट देखणी होती, शिखराचा फोटो, आगाऊ पैशांची घाई.

“कुलूप आहे बघ पत्त्यापाशी,” नाना म्हणाले.

कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बसलाय तो सज्जन आहे असं ते सांगत नाही; कुलूप लबाडालाही फुकट मिळतं. म्हणून तर क्रोमनं २०२३ मध्ये पत्त्यापाशी असलेली कुलपाची खूण काढून टाकली. नानींनी चष्मा लावून पत्ता वाचला. त्यात मंदिराचं नाव एका जास्तीच्या अक्षरानं लिहिलेलं होतं. “महाकालाचं नाव यांना लिहिता येत नाही आणि खोली देणार म्हणे,” असं म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या.

बाहेरच्या जगात नाना इतके बंदिस्त नाहीत. रामघाटावर पंड्यासमोर बसले की कुलवृत्तान्त सुरू. पंड्याची बही ही या गावातली सगळ्यात जुनी कुकी: मागच्या खेपेला कोण आलं, कुणाचा मुलगा, कोणतं गोत्र, काय दक्षिणा दिली, आणि पुढच्या पिढीतला कुणी आला की तेच पान उघडतं. तिथं नानांनी कधी काही नाकारलेलं नाही. नवी नातसून, तिचं माहेर, तिची नोकरी, पगाराचा अंदाज, सगळं लिहवून घेतात, खाली मोबाइल नंबर देतात आणि पंड्यानं एखादं अक्षर चुकवलं तर दुरुस्तही करतात. पोह्यांच्या दुकानात तर आपण कोणतं एक्स्टेन्शन कशासाठी लावलं हे त्यांनी सगळ्या ओळीला समजावून दिलेलं आहे.

आता २०२८ चा सिंहस्थ येतोय. नातेवाईक झुंडीनं उतरणार, उतरल्या उतरल्या वायफाय मागणार. पाहुण्यांचे फोन आपल्या लॅपटॉपच्या जाळ्यात नकोत म्हणून नानांनी राउटरवर त्यांच्यासाठी वेगळं वायफाय काढलं आहे, आणि हे त्यांनी अगदी बरोबर केलं. पासवर्डही लांबलचक ठेवला आहे. तो सगळ्यांना सहज दिसावा म्हणून दारामागं मोठ्या अक्षरांत चिकटवलाय. मोडीत.